स्पॅनिश गावांची नावं घडतात कशी?

नकाशेवाला
स्पॅनिश शिकणारे लोक क्रियापदांची रूपं घोकण्यात वर्ष वर्ष घालवतात, पण नकाशा उघडून नुसती गावांची नावं वाचत बसणारे मला फार कमी भेटलेत. माझं तर ठाम मत आहे की तिथे कोण कोण येऊन राहून गेलं हे त्या नावांत सरळ वाचता येतं, फक्त नावातला सांधा सापडायला हवा, म्हणजे दोन तुकडे कुठे जोडलेत ती जागा. म्हणून हा धागा, ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला प्लीज.

सुरुवात नद्यांपासून करतो. दक्षिण स्पेनची मोठी नदी ग्वादालकिवीर. रोमन लोक हिला बेतिस म्हणायचे. ७११ नंतर अरबी बोलणारे आले आणि ती झाली अल-वादी अल-कबीर, म्हणजे मोठी नदी. कबीर म्हणजे मोठा, आपल्या संत कबीरांच्या नावातला तोच शब्द. तिथल्या अरबी बोलीत 'आ' चा उच्चार 'ए-ई' कडे झुकायचा आणि पुढे स्पॅनिश तोंडातून जाता जाता कबीरचं 'किवीर' झालं, वादीचं 'ग्वाद' झालं, आणि मधला 'अल' तसाच राहिला. ग्वाद+अल+किवीर. एकदा हा 'ग्वाद' ओळखीचा झाला की मग तो सगळीकडे दिसायला लागतो: ग्वादालाहारा म्हणजे दगडांची वादी (वादी अल-हिजारा), ग्वादार्रामा म्हणजे वाळूची नदी (वादी अर-रम्ल). आणि माझा सगळ्यात आवडता ग्वादियाना. या नदीला रोमन काळात आनास म्हणत, अरबांनी पुढे वादी लावलं, वादी आना, ग्वादियाना, आणि आता स्पॅनिशमध्ये लोक म्हणतात रिओ ग्वादियाना. रिओ म्हणजे नदी. म्हणजे नदी, मग परत नदी, आणि मग मूळ नाव. जुन्या शब्दाचा अर्थ लोकांना कळेनासा झाला की नवीन लोक तोच अर्थ आपल्या भाषेत पुढे चिकटवतात, असे थरावर थर.

अल्कान्ताराचं तसंच. अरबीत अल-कन्तरा म्हणजे पूल. तिथे ताहो नदीवर सम्राट ट्राजनच्या काळातला रोमन पूल अजून उभा आहे, अरबांनी पूल पाहून गावाला पूल असं नाव दिलं, आणि स्पॅनिश लोक आता त्याला पुएन्ते दे अल्कान्तारा म्हणतात, पुलाचा पूल!

मनस्विनी
वाह, मस्त धागा. वाचनखूण साठवली. एक शंका, 'अल' हा अरबीतला उपपद आहे ना, इंग्लिशच्या 'द' सारखा? मग तो स्पॅनिशमध्ये शब्दाला चिकटून आला आणि आपल्याकडे इतके अरबी शब्द आहेत मराठीत तिथे का नाही आला?

नकाशेवाला
@मनस्विनी फार चांगला प्रश्न, आणि याच्या उत्तरात तर खजिना आहे. स्पेनमध्ये अरबी बोलणारे लोक शेजारी राहत होते, त्यांच्या तोंडून रोजच्या बोलण्यातले शब्द ऐकून घेतले गेले, आणि ऐकताना अल-सकट शब्द एकच वाटतो. आपल्याकडे अरबी शब्द मुख्यतः फारसीतून आले आणि फारसीने ते घेताना बहुतेक वेळा अल सोडून दिलेला होता. त्यामुळे एकच शब्द दोन टोकांना दोन रूपांत पोचला. आता बघा:

आल्काला, स्पेनमध्ये या नावाची गावं भरपूर आहेत, आल्काला दे एनारेस, आल्काला ला रेआल, आल्काला दे ग्वादाइरा. हा शब्द अल-कलआ, म्हणजे आपला किल्ला.
मालागा आणि आल्मेरियाला जी आल्कासाबा बघायला पर्यटक जातात ती अल-कसबा, म्हणजे आपला कसबा. पुण्याची कसबा पेठ आणि मालागाची आल्कासाबा यांत शब्द एकच आहे. अर्थ फक्त वेगळीकडे गेला, तिथे तटबंदीचा बालेकिल्ला, इथे पेठेचं गाव.
आणि आल्हेसिरास, जिब्राल्टरजवळचं मोठं बंदर. अल-जझीरा अल-खदरा, हिरवं बेट. स्पॅनिशने 'हिरवं' गाळलं आणि नुसतं 'बेट' ठेवलं. जझीरा म्हणजे बेट. मुरुडचा जंजिरा!! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरात सगळ्यांना बोलावून बोलावून सांगितलं होतं.

मनस्विनी
अंगावर काटा आला जंजिऱ्याचं वाचून. अजून लिहा.

टिंबटिंब
सगळं अरबीच का पण? लेओन शहराचं नाव तर सिंहावरून आहे ना, स्पॅनिशमध्ये लेओन म्हणजे सिंह, त्यांच्या झेंड्यावर पण सिंह आहे.

नकाशेवाला
@टिंबटिंब झेंड्यावर सिंह आहे पण नाव सिंहावरून नाही. तिथे रोमन सैन्याच्या सातव्या लीजनचा, लेगिओ सेप्तिमा जेमिनाचा, तळ होता. लेगिओ, त्याचं विभक्तीतलं रूप लेगिओनेम, मधला 'ग' झिजला, राहिलं लेओन. मग योगायोगाने ते सिंहाच्या शब्दासारखं दिसायला लागलं आणि मध्ययुगात राजांनी नावाला शोभेल असं चिन्ह घेतलं. लोक नावात अर्थ शोधतात आणि सापडला नाही तर तयार करतात, हे जगभर होतं.

रोमन नावं झिजण्याचा हा प्रकार फार सुंदर आहे. सम्राट ऑगस्टसने इसवीसनपूर्व २५ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी शहर वसवलं, एमेरिता आउगुस्ता. एमेरितुस म्हणजे सेवा पूर्ण केलेला, आपण एमेरिटस प्रोफेसर म्हणतो तोच शब्द. त्याचं झालं मेरिदा. दुसरं शहर काएसाराउगुस्ता, यात तर सीझर आणि ऑगस्टस दोघं आहेत, अरबांनी त्याला सरकुस्ता केलं आणि स्पॅनिशने सारागोसा (स्पेनमधल्या लोकांच्या तोंडी थारागोथा). आता कोणाला सांगून पटेल का की यात सीझर लपलाय.

आणि कार्ताहेना. फिनिशियन (भूमध्य समुद्राकाठचे प्राचीन व्यापारी लोक) भाषेत कार्त हदश्त म्हणजे नवं शहर. आफ्रिकेतलं कार्थेज म्हणजे तेच, नवं शहर. तिथल्या लोकांनी स्पेनच्या किनाऱ्यावर अजून एक वसवलं, तेही कार्त हदश्त. रोमन आले, दोन कार्थेजमध्ये गोंधळ नको म्हणून त्यांनी स्पेनमधल्याला कार्थागो नोवा म्हटलं, म्हणजे नवं नवंशहर. मग १५३३ मध्ये कोलंबियाच्या किनाऱ्यावर कार्ताहेना दे इंदियास वसलं. म्हणजे कॅरिबियन समुद्राकाठी एका शहराला फिनिशियन नाव आहे आणि ते तिथे स्पॅनिश माणसांनी नेलं.

खारवा
गोव्याचा म्हणून मला एक भर घालायलाच हवी. आमच्या गोंयच्या सायबाचं, सेंट फ्रान्सिस झेवियरचं नाव हे एका गावाचं नाव आहे, हे कितीजणांना माहीत आहे? स्पेनच्या उत्तरेला नावार्रा प्रांतात हाविएर नावाचं छोटं गाव आणि तिथे किल्ला, त्या किल्ल्यात १५०६ मध्ये ते जन्मले. आणि ते नाव मुळात स्पॅनिश नाहीच, बास्क आहे, म्हणजे त्याच भागातल्या एका वेगळ्याच भाषेतलं. एचे म्हणजे घर, बेर्री म्हणजे नवं. एचेबेर्री, नवं घर. तोंडातून जाता जाता पुढचा 'ए' गेला, मधला 'ब' 'व' झाला, आणि शावियेर राहिलं. म्हणजे मुंबईतलं १८६९ चं झेवियर्स कॉलेज काय, गोव्यातला प्रत्येक झेवियर काय, सगळ्यांच्या नावात बास्क भाषेतलं नवं घर आहे. एचेवेरिया नावाचे लोक लॅटिन अमेरिकेत खूप सापडतात, तेही तेच, शेवटचा 'आ' म्हणजे बास्कमधलं 'ते', ते नवं घर.

आणि उच्चाराची गंमत अशी की जुन्या स्पॅनिशमध्ये एक्स अक्षराचा उच्चार 'श' होता. पोर्तुगीजमध्ये अजून आहे, म्हणून कोंकणीत आम्ही शावियेर म्हणतो. स्पॅनिशमध्ये तो 'श' पुढे घशात जाऊन 'ख-ह' सारखा झाला म्हणून स्पेनमध्ये हाविएर. म्हणजे १५४२ मध्ये ते गोव्याला पोचले तेव्हाचा उच्चार गोव्यात राहिला आणि त्यांच्या जन्मगावात बदलला.

नकाशेवाला
@खारवा क्या बात है. याच उच्चारबदलाचा दुसरा पुरावा हेरेस गाव. जुनं स्पेलिंग एक्सने, उच्चार शेरेस, अरबीत शरीश. इंग्रज तिथली वाइन घेऊन गेले तेव्हा 'श' ऐकून गेले म्हणून ती इंग्लिशमध्ये शेरी. मेक्सिकोच्या नावात एक्स लिहितात आणि मेहिको म्हणतात तेही यामुळेच.

मनस्विनी
त्या हेरेसचं पूर्ण नाव हेरेस दे ला फ्रोन्तेरा ना? फ्रोन्तेरा म्हणजे सीमा, पण ते तर पोर्तुगालच्या सीमेवर पण नाही. कुठली सीमा?

नकाशेवाला
ग्रानादाच्या मुस्लिम राज्याची सीमा. तेराव्या शतकात कास्तिया या ख्रिश्चन राज्याने हेरेस घेतलं, तेव्हापासून ग्रानादा पडेपर्यंत हा पट्टा सरहद्दीचा होता. आर्कोस दे ला फ्रोन्तेरा, वेहेर दे ला फ्रोन्तेरा, सगळी तिथलीच. १४९२ मध्ये ग्रानादा पडलं, सीमा संपली, नावातली सीमा मात्र पाचशे वर्षांनंतरही आहे. गावाच्या मागचं 'दे अमुक' हे शेपूट बहुतेक वेळा असंच काहीतरी सांगतं: कोणत्या नदीवर (मिरांदा दे एब्रो), कोणाच्या मालकीचं (तालावेरा दे ला रेइना म्हणजे राणीचं तालावेरा). आणि काही शेपटं सरकारी आहेत. १९१६ मध्ये स्पेनमध्ये एक शाही हुकूम निघाला, एकाच नावाच्या गावांमुळे टपालाचा आणि कारभाराचा गोंधळ व्हायचा म्हणून पाचशेहून जास्त नगरपालिकांची नावं बदलली, बऱ्याच ठिकाणी मूळ नाव ठेवून मागे नदी किंवा प्रदेश जोडला. त्यामुळे प्रत्येक 'दे' जुना समजू नये.

पायवाट
माद्रिदला राहते त्यामुळे हा धागा वाचताना रोजच्या मेट्रो आणि लोकलचे बोर्डच डोळ्यासमोर आले. शब्द घडवण्याच्या बाजूने थोडं लिहिते, कारण मोठ्या इतिहासात साधी गावं राहून जातात.

एक म्हणजे प्रत्यय. पोसो म्हणजे विहीर, पोसुएलो म्हणजे छोटी विहीर, आणि पोसुएलो दे आलार्कोन हे माद्रिदच्या शेजारचं श्रीमंत उपनगर. तोर्रे म्हणजे बुरूज, त्यावरून तोर्रेहोन. झाडांची तर वेगळीच व्यवस्था आहे, झाडाच्या नावाला -एदो किंवा -एदा लावलं की त्या झाडांची राई. लॅटिनच्या -एतुम वरून आलंय हे. रोब्ले म्हणजे ओक, रोब्लेदो. ओल्मो म्हणजे एल्म, ओल्मेदो. फ्रेस्नो म्हणजे अ‍ॅश, फ्रेस्नेदा. आणि -आर, -आल लावूनही तेच होतं, मान्साना म्हणजे सफरचंद, मान्सानारेस म्हणजे सफरचंदाच्या बागा, पिनार म्हणजे पाइनचं बन, क्युबातलं पिनार देल रिओ त्यावरूनच. आपल्याकडे पिंपळगाव, वडगाव, बाभूळगाव म्हणताना मागे गाव लावावं लागतं, स्पॅनिशला प्रत्ययातच काम भागतं. हीच नावं मग आडनावं झाली, कास्तान्येदा, आवेयानेदा, आसेवेदो, ऑफिसमध्ये माझ्या आजूबाजूला राया बसल्यात सगळ्या.

दुसरं म्हणजे जोडलेली नावं. वाल दे पेन्यास, खडकांची दरी, जोडून वाल्देपेन्यास, तिथली वाइन प्रसिद्ध आहे. हाएन प्रांतात तोर्रेदोनहिमेनो आहे, तोडून वाचलं तर तोर्रे दे दोन हिमेनो ('दोन' हा आकडा नाही, आपल्या 'राव' सारखा मानाचा शब्द), हिमेनोरावांचा बुरूज, मधला 'दे' बोलता बोलता गिळला गेला आणि सगळं एक शब्द झालं. त्याच प्रांतात व्हियार्दोम्पार्दो, यात दोन पार्दो म्हणजे पार्दोराव आहेत, आणि 'प' च्या आधी 'न' चा 'म' झालाय, आपल्याकडे अनुस्वाराचं होतं ना तसंच अगदी, संप मधला म आणि संत मधला न. मला हे कळल्यावर फार आनंद झाला होता, परसवर्ण स्पेनमध्ये!

आणि लिंग. व्हिया म्हणजे गाव, ते स्त्रीलिंगी म्हणून व्हियानुएवा (नवं गाव), रिओ पुल्लिंगी म्हणून रिओसेको (कोरडी नदी), आग्वास अनेकवचनी म्हणून आग्वासकालिएन्तेस (गरम पाणी, मेक्सिकोतलं शहर). शब्द जोडून एक झाला तरी आतलं व्याकरण जिवंत राहतं. नवी मुंबई पण नवापूर, आपल्यालाही हे अंगवळणी आहे.

टिंबटिंब
इतक्या व्हियानुएवा कशा काय? नकाशात सर्च केलं तर संपतच नाहीत.

पायवाट
@टिंबटिंब कारण उत्तरेची ख्रिश्चन राज्यं दक्षिणेला सरकत गेली तशी जिंकलेल्या मुलखात वस्ती करायला लोक हवे होते. मग नवं गाव म्हणून व्हियानुएवा, करमाफी देऊन लोक बोलावले ते व्हियाफ्रांका (फ्रांका म्हणजे मोकळी, करातून सुटलेली), थेट राजाचं ते व्हियारेआल. सिउदाद रेआलचं तर प्रमोशन झालंय, दहावा आल्फोन्सो राजा याने १२५५ मध्ये वसवलं तेव्हा ते व्हिया रेआल होतं, १४२० मध्ये शहराचा दर्जा मिळाला म्हणून सिउदाद रेआल. व्हियाविसिओसा नावाला मात्र घाबरू नका, आज विसिओसो म्हणजे व्यसनी असा अर्थ आहे पण जुन्या भाषेत हिरवंगार, सुपीक असा होता.

अजून एक, गावकऱ्यांना काय म्हणायचं. आपलं पुणेकर, नाशिककर सोपं आहे. इथे कालातायुदचा माणूस बिल्बिलितानो! कारण जवळच्या रोमन गावाचं नाव बिल्बिलिस होतं. कालातायुद स्वतः अरबी आहे, कलअत अय्यूब, म्हणजे अयूबचा किल्ला, परत नकाशेवाला यांचा किल्ला आलाच. उएल्वाचा माणूस ओनुबेन्से, जुन्या ओनुबावरून. आल्काला दे एनारेसचं कोम्प्लुतेन्से, रोमन कोम्प्लुतुमवरून, आणि १४९९ मध्ये आल्कालात सुरू झालेलं विद्यापीठ १८३६ मध्ये माद्रिदला हललं तरी आज कोम्प्लुतेन्सेच म्हणवतं. गावाचं नाव अरबी, गावकऱ्याचं नाव रोमन.

गौळण
सगळं वाचतेय, छान माहिती, पण एक गोष्ट खटकतेय ती बोलते. अमेरिकेत जी स्पॅनिश नावं आहेत ती वेगळी आहेत. तिथे लोक राहत होते, त्यांच्या गावांना नावं होती, वर संतांची नावं ठोकली गेली. सान अमुक, सान्ता तमुक. याला थर म्हणून कौतुकाने बघायला मला जमत नाही.

नकाशेवाला
@गौळण तुमचा मुद्दा पूर्ण मान्य, नाव देणं हा ताबा घेण्याचा भाग होताच, आणि स्पेनमध्येही व्हियानुएवांच्या खाली कोणाची तरी आधीची घरं होती. पण नावांचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. पद्धत साधारण अशी होती की पुढे संत किंवा पवित्र गोष्ट आणि मागे स्थानिक नाव: सान फ्रान्सिस्को दे कितो, सान्तियागो दे लेओन दे काराकास, सान्ता फे दे बोगोता. आणि बोलता बोलता संत गळून पडले. कितो, काराकास, बोगोता ही नावं राहिली, तीनही मूळची तिथली. बोगोता हे मुइस्का लोकांच्या बाकाता या नावावरून आलं. १९९१ च्या राज्यघटनेत परत सान्ता फे दे बोगोता केलं होतं, २००० मध्ये ते काढून परत नुसतं बोगोता केलं. सान मिगेल दे तुकुमानला लोक सरसकट तुकुमानच म्हणतात.

मेक्सिकोत तर नाव्हाट्ल भाषेचे प्रत्यय जसेच्या तसे आहेत. चापुल्तेपेक म्हणजे नाकतोड्यांची टेकडी, मासात्लान म्हणजे हरणांची जागा. नाव्हाट्लमध्ये जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, स्पॅनिशमध्ये या -त्लान वर शेवटी जोर गेला, एवढाच बदल.

गौळण
आणि क्वेर्नावाका? त्याचं मी ऐकलंय पण नीट माहीत नाही.

नकाशेवाला
मूळ नाव क्वाउनावाक, झाडांच्या जवळचं. स्पॅनिश कानांना ते क्वेर्नो आणि वाका ऐकू आलं, शिंग आणि गाय. झालं गाईचं शिंग. तिथे ना गाई होत्या ना शिंगं, मेक्सिकोत गाईच स्पॅनिश लोकांनी आणल्या.

गौळण
हे वाईट पण वाटतं आणि नाव टिकलं याचं बरं पण वाटतं. आवाज तरी राहिला.

खारवा
ब्वेनोस आयरेस म्हणजे चांगली हवा ना? हवा चांगली होती म्हणून नाव दिलं असं सगळीकडे वाचलंय.

पायवाट
@खारवा मधे एक देवी आहे. सार्डिनियात काल्यारीला बोनारिया नावाची टेकडी, तिथली मेरीमाता खलाशांची राखणदार. तिचं स्पॅनिश नाव ब्वेन आइरे. पेद्रो दे मेंदोसाने १५३६ मध्ये वस्ती केली ती तिच्या नावाने. ती वस्ती टिकली नाही, १५८० मध्ये हुआन दे गारायने परत वसवली, शहराला दिलं त्रिनिदादचं म्हणजे पवित्र त्रयीचं नाव, पण बंदराचं जुनं नाव लोकांच्या तोंडी होतं तेच शहराचं झालं. लॉस आंजेलेसचंही असंच, मूळ लांबलचक नाव देवदूतांच्या राणीचं म्हणजे मेरीमातेचं, १७८१ मध्ये वसवलं, राणी गेली आणि देवदूत राहिले.

मनस्विनी
शेवटचा एक व्याकरणाचा प्रश्न, सान फ्रान्सिस्को, सान होसे पण सान्तो दोमिंगो, असं का? मोठे संत सान्तो का?

पायवाट
@मनस्विनी मोठे-छोटे असं काही नाही, उच्चाराची सोय आहे. पुरुष संताला सान, पण नाव 'तो' किंवा 'दो' ने सुरू होत असेल तर सान्तो, म्हणून सान्तो तोमास, सान्तो दोमिंगो. बायकांना कायम सान्ता, सान्ता आना, सान्ता बार्बारा. सान्ता क्रूस आणि सान्ता फे या मात्र कोणी बायका नव्हेत, पवित्र क्रूस आणि पवित्र श्रद्धा, शब्द स्त्रीलिंगी म्हणून सान्ता. आणि सान्तियागो हा जुना सांधा आहे, सान्त आणि इयागो, इयागो म्हणजे याकोब, तो इतका घट्ट बसलाय की लोक आता पोरांची नावं सरळ सान्तियागो ठेवतात. पुढच्या वेळी बास्क-स्पॅनिश दुहेरी नावांवर लिहिते, दोनोस्तिया आणि सान सेबास्तियान ही दोन्ही एकाच संताची नावं कशी ते.